लवकर पोचल्याचा दंड

लहानपणी आमचे घर वेगावर चालायचे. बाबांचे तीन टिपर होते. गोव्यातल्या पिसुर्ल्याच्या खाणीवर लोहखनिजाचा माल भरायचा, आमोण्याच्या जेटीवर ओतायचा, तिथून तो बार्जने मांडवी नदीतून मुरगाव बंदरात जायचा. भाडे ट्रिपेवर. दिवसाला एक ट्रिप जास्त मारणारा ड्रायव्हर शहाणा, एक कमी मारणारा आळशी. डिचोली–साखळीच्या रस्त्यावर तेव्हा माणसे जीव मुठीत धरून चालत आणि आई वाळत घातलेल्या कपड्यांवरची तांबडी माती दिवसातून दोनदा झाडत असे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये थोड्या हलल्या आणि २०१८ च्या मार्चात सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. दोन टिपर मिळेल त्या भावात गेले. तिसरा मागच्या अंगणात उभा आहे. त्याच्या हौद्यात आपोआप रुजलेल्या पपईला यंदा फळे धरली.

हे सगळे आधी सांगायचे कारण म्हणजे, ज्या मोटार रॅलीबद्दल मी लिहितेय तिच्यात लवकर पोचलात तर उशिरा पोचल्याच्या दुप्पट दंड होतो. घरात हा नियम पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "हे कुणी काढलं?" एवढेच म्हणाले.

गाड्यांचे खूळ माझे नव्हे, धाकट्या भावाचे. घरात त्याला बाबू म्हणतात. वय एकोणतीस, नोकरी कारखान्यात शिफ्टची. मोटरस्पोर्ट म्हणजे हेल्मेट, चेन्नई, कोइमतूर, ग्रेटर नोएडाची सर्किटे आणि बापाकडे भरपूर पैसा, अशी माझी समजूत होती. बाबूचीही थोडीफार तीच होती. एका क्लबची टीएसडी रॅली आपल्याच तालुक्यातून सुटणार आहे आणि तिला घरची गाडी चालते, हे कळल्यावर त्याने नाव घातले. ज्या दोस्ताला नेव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारा, म्हणून बसवायचा होता तो ऐन वेळी बोटीवर नोकरीला लागला. आमच्याकडे बोटीवर लागणाऱ्याला कोणी अडवत नाही. मग स्वारी माझ्याकडे आली.

"ताई, तुला हिशेब येतो."

मी साखळीला एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. हिशेब येतो. पण चालत्या गाडीत वाचले की मला उलटी होते, हेही त्याला माहीत होते. ते तो सोयीने विसरला.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. सगळ्यांत पुढे कोण, हा प्रश्नच इथे नाही. आयोजक रस्ता ठरवतात आणि प्रत्येक तुकड्याला सरासरी वेग नेमून देतात: इथून इथपर्यंत ताशी ३६, पुढे ३०, गाव आले की २४. तुम्ही त्या सरासरीने, सेकंदाच्या हिशेबाने चालायचे. वाटेत कुठेतरी मार्शल घड्याळ घेऊन लपलेले असतात, त्यांच्या जागा कुणाला सांगत नाहीत. अशा जागेला कंट्रोल म्हणतात. तिथे तुम्ही ज्या सेकंदाला यायला हवे होते आणि ज्या सेकंदाला आलात, त्यातला फरक म्हणजे तुमचा दंड. आमच्या रॅलीत उशिराच्या सेकंदाला १ गुण, लवकरच्या सेकंदाला २. ज्याचे गुण कमी तो जिंकला. रस्ता बंद नसतो. बस, शाळेची पोरे, म्हशी, पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल सगळे असतात, म्हणून नेमलेला वेग कायद्याच्या मर्यादेच्या बराच आत ठेवतात. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. रात्री पणजीच्या पुलावर बाइक उडवणाऱ्या पोरांना हे कुणी तरी सांगायला हवे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला यापेक्षा स्वस्त दार मला तरी दिसले नाही. गाडीत रोल केज (आतला लोखंडी पिंजरा) नको, अंगात आगरोधक सूट नको, आमच्या गटाला हेल्मेटसुद्धा नको. गाडीची कागदपत्रे, विमा, पीयूसी, चालवणाऱ्याचे लायसन्स आणि 'जे होईल त्याला आम्ही जबाबदार' असे लिहून दिलेला एक कागद. राष्ट्रीय पातळीवर जायचे तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट क्लबांच्या देशव्यापी महासंघाचा स्पर्धा परवाना लागतो. देशातला हा खेळ १९७१ पासून हीच संघटना पाहते. आम्ही अजून त्या उंबऱ्याच्या बाहेरच होतो.

तयारीला तीन आठवडे मिळाले. पहिले काम माझे होते. ३६०० ला वेगाने भागले की एका किलोमीटरला किती सेकंद लागायला हवेत ते निघते. एवढेच गणित, पण ते हलत्या गाडीत, एका हातात पेन्सिल धरून, समोर खड्डा असताना यायला हवे. मी लहानपणच्या पावकी-निमकीसारखा पाढाच पाठ केला: चोविसा दीडशे, तिसा एकशेवीस, छत्तिसा शंभर, चाळिसा नव्वद, पंचेचाळिसा ऐंशी. छत्तीस हा देवाचा वेग. किलोमीटरला नेमके शंभर सेकंद, शंभर मीटरला दहा. आयोजकांनी बत्तीस दिला की समजावे, माणूस खडूस आहे. साडेबारा सेकंदांची शेपटी प्रत्येक किलोमीटरला मागे लागते.

दुसरी गोष्ट रोडबुक. त्यात नकाशा नसतो, पाने भरून चौकोन असतात. डाव्या रकान्यात अंतर, मधे वळणाची छोटी आकृती, उजवीकडे खूण. आकृतीत एक ठिपका आणि एक बाण: ठिपक्यापाशी तुम्ही, बाण जातो तिकडे जायचे. या आकृतीला ट्यूलिप म्हणतात. फुलासारखी दिसते म्हणून असेल असे मला आधी वाटले. ते नाव हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीवरून पडले आहे, ती १९४९ पासून चालते.

पण वेग धरायला बाबूला शिकवले बाबांनी, आणि तेही न सांगता सवरता. एका रात्री मये–डिचोली रस्त्यावर आम्ही सराव करत होतो. बाबू स्पीडोमीटरकडे बघत ३६ धरायचा आणि काटा ३३ ते ४१ नाचायचा. मागच्या सीटवर बाबा नुसतेच बसून आले होते. थोड्या वेळाने त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पुढे वाकून स्पीडोमीटरवर टाकला.

"आता चालव."

"बाबा, दिसत नाही!"

"मग ऐक. तिसरा घाल. आवाज एकसारखा ठेव. चढ लागायच्या आधी पाय दे, लागल्यावर नको. भरल्या गाडीला धक्का बसला की माल सांडतो."

आयुष्यभर टिपर पळवणारा माणूस, आणि एका आवाजात गाडी चालवणे त्याला असे येत होते! मला वाटायचे ते फक्त वेगात हाकायचे. किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत मी घड्याळ लावले. टॉवेलाखाली बाबूला पहिल्यांदा ११२ सेकंद लागले, मग ९५, मग १०३. चौथ्या रात्री १०१. बाबा मागे घोरत होते.

उलटीवर मी ज्याला त्याला विचारून उपाय गोळा केले. कामी आले दोनच: तोंडात भिरंडाचे (कोकमाचे) सोल, आणि वाचताना पुस्तक मांडीवर न ठेवता काचेच्या उंचीला धरणे. मान खाली गेली की पोट वर येते. सकाळी पोटभर नाश्ता करू नये हेही खरे, पण तो उपदेश मी पाळला नाही.

शनिवारी संध्याकाळी गाडीची तपासणी होती. दिवे, हॉर्न, ब्रेक, टायरची नक्षी, प्रथमोपचार पेटी, लाल त्रिकोण. तपासनीस तरुण पण कडक होता. त्याने डिकी उघडली आणि आत सात नारळ निघाले. आईने कुळागरातले, मावशीकडे पोचवायला दिलेले. "गाडीत सुटी वस्तू चालणार नाही," तो म्हणाला. जोरात ब्रेक लागला तर नारळ पुढे येतो आणि डोके फुटते, हे त्याने इतक्या गंभीरपणे समजावले की आम्ही हसायचेही विसरलो. पाच नारळ तिथेच कार्यकर्त्यांना वाटले. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र त्याने बोटाने हलवून पाहिला, पक्का चिकटवलेला निघाला, म्हणून राहिला. दारांवर १७ क्रमांक लागला. क्रमांक म्हणजेच वेळ: गाड्या एकेका मिनिटाने सुटतात, आठाला शून्य क्रमांक, तर आम्ही ८:१७.

रविवारी सकाळी सगळ्यांत आधी घड्याळ आयोजकांच्या घड्याळाशी जुळवायचे, मग ओडो, म्हणजे गाडीचा अंतर मोजणारा मीटर, तपासायचा. त्यांनी नेमका मोजलेला दहा किलोमीटरचा पट्टा दिला होता. आमच्या जुन्या स्विफ्टच्या मीटरने तो १०.३ दाखवला. टायर झिजले की घेर कमी होतो, चाक जास्त फिरते आणि मीटर जास्त सांगतो. हवा कमी असली तरी तेच. म्हणजे पुस्तकातल्या प्रत्येक किलोमीटरला आमचे १.०३. शिवाय पुस्तकात अंतर दहा-दहा मीटरचे आणि आमचा ट्रिप मीटर शंभर-शंभरावर उडी मारणारा. मधले मीटर सेकंदांवरून मनात भरायचे. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या जोडप्याकडे वेगळे यंत्र होते, अंतर आणि वेळ दोन्ही दाखवणारे. ते वरच्या गटातले. माझ्याकडे कॅल्क्युलेटर, दोन पेन्सिली आणि खोडरबर. परीक्षेला आल्यासारखे वाटत होते.

साखळी, होंडा, वाळपई हा भाग इतका ओळखीचा की मी रोडबुक न बघताच वळणे सांगायला लागले. ती चूक होती, कारण वळण ओळखीचे असले तरी अंतर ओळखीचे नसते. पहिल्या कंट्रोलला १२ सेकंद उशीर. दुसऱ्याला ३ सेकंद लवकर, म्हणजे ६ गुण. आम्ही इतके खूश झालो की बाबूने हॉर्न वाजवला. एक कुत्रा उठून बाजूला गेला.

मग उसगाव ओलांडल्यावर तो खुरीस, म्हणजे रस्त्याकडेचा क्रूस, आला.

रोडबुकात खूण होती: खुरीस, मग डावीकडे. आता गोव्यात खुरसाची खूण देणे म्हणजे पुण्यात मारुतीच्या देवळावरून पत्ता सांगण्यासारखे आहे. कोणता मारुती? आम्ही पहिल्या खुरसाला डावे वळलो. अंतर दोनशे मीटरने कमी भरत होते, ते मला दिसलेही होते, पण डोळ्यांना खुरीस दिसला की मन आकड्याला विचारत नाही. १.४ किलोमीटर आत गेल्यावर रस्ता एका अंगणात संपला. तिथल्या म्हाताऱ्या बाईने आम्हाला हात करून "आजून एक आयलो!" असे घरात कुणाला तरी ओरडून सांगितले. म्हणजे आमच्या आधीही कुणी येऊन गेले होते. एवढाच दिलासा.

फिरून परत आलो, खरा खुरीस सापडला, आणि तिथे मी माझ्या पेशाला न शोभणारी चूक केली. जाण्या-येण्याचे २.८ किलोमीटर मीटरमधून वजा केलेच नाहीत. चाळिसाची सरासरी होती, म्हणजे किलोमीटरला नव्वद सेकंद. २.८ गुणिले नव्वद, २५२ सेकंद. मीटर म्हणत होता तुम्ही बरेच पुढे आहात, मी मीटरवर विश्वास ठेवून बाबूला सांगत होते, "फार नाही, वीसएक सेकंद मागे आहोत." पुढचे वळण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पावणेतीन किलोमीटर उशिरा आले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर झाडामागून मार्शलने झेंडा हलवला होता. २७१ सेकंद उशीर.

गाडीत कुणी बोलले नाही. मग बाबू म्हणाला, "ताई, पतसंस्थेत असं झालं तर काय करतात?"

"तफावत म्हणून दाखवतात."

तिस्कावर अर्ध्या तासाची विश्रांती. भाजी-पाव, मिरचीची भजी, चहा. उलटीची भीती विसरून मी दोन पाव खाल्ले. इतर जोड्यांशी बोलताना कळले की आत वळलेली आम्ही पाचवी जोडी होतो. मडगावहून आलेल्या एका नेव्हिगेटर काकांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी अजून पाळते: चुकलात की आधी थांबा, परत फिरायच्या जागी मीटरचा आकडा लिहा, मग वळा. बाबू त्यांना रॅली ड्रायव्हर गौरव गिलबद्दल काहीतरी विचारत होता. गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. काका म्हणाले, "त्याच्या शेजारी कोण बसायचा ते सांग." बाबू गप्प. मुसा शरीफ, कासरगोडचा. पाव खाता खाता मी ते नाव रोडबुकच्या मागे लिहून घेतले.

विश्रांतीनंतर घड्याळ नव्याने सुरू झाले आणि चौथ्या कंट्रोलला आम्ही शून्य मिळवले. शून्य! ठरलेल्या सेकंदाला! मार्शल मुलीने कार्डावर वेळ लिहिली, मी ती माझ्या आकड्याशी ताडून पाहिली आणि मला खरोखर रडू आले. आयुष्यात ताळेबंद इतका चोख कधी जुळला नव्हता.

पुढचा पट्टा पिसुर्ल्याचा. एके काळी टिपरांसाठी केलेला, रुंद, आता ओसाड रस्ता. चिटपाखरू नाही. आणि रोडबुकात वेग दिला होता २४. याला म्हणतात सापळा. अरुंद गावात २४ कुणीही चालवील. मोकळ्या रस्त्यावर, शून्य मिळालेल्या आनंदात, २४ ने रांगायला साधूचे मन लागते. आमच्या दोघांच्या अंगात तर त्याच रस्त्यावरच्या ट्रिपा मुरलेल्या. मी "हळू" म्हणत होते, पण मीच खिडकीबाहेर बघत होते. त्या टेकाडावर आम्ही लहानपणी बाबांचा टिपर येताना बघायला उभे राहायचो. किती सेकंद असे गेले कळले नाही. वळणाच्या पुढे आंब्याखाली मार्शलची खुर्ची दिसली. कंट्रोल नजरेत आल्यावर थांबायला किंवा मुद्दाम रांगायला मनाई असते. मी घड्याळ पाहिले. ३८ सेकंद लवकर. ७६ गुण.

सहाव्या कंट्रोलला ९. एकूण ३७४. आमच्या गटात एकोणीस गाड्या होत्या, आम्ही अकरावे. उसगावचा खुरीस सोडला तर आम्ही पहिल्या पाचांत बसलो असतो, असे बाबू अजून सांगत फिरतो. खुरीस सोडला तर, हे त्याचे वाक्य आता घरात सगळेच वापरतात. आमटी खारट झाली तरी.

खर्च विचाराल तर दोघांची मिळून फी, टाकीभर पेट्रोल आणि नारळ. जवळच्या लग्नात आहेर करायला लागतो त्याहून कमी. बाबूने नंतर एकदा ऑटोक्रॉसही करून पाहिला. तो वेगळा प्रकार: मातीच्या मैदानात शंकूसारखे कोन मांडून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी, घड्याळाविरुद्ध. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट लागतात. कोन पडला की सेकंद वाढतात. मिनिटभराचा खेळ, त्यासाठी दिवसभर उन्हात रांग. त्याला फार आवडला. मला त्यात बसायला जागा नव्हती, म्हणून फारसा नाही. आता तो आंबोली घाट चढून कोल्हापूरच्या गो-कार्ट ट्रॅकवर जायचे म्हणतोय.

त्या रविवारी रात्री जेवताना बाबांनी वेळेचे कार्ड मागून घेतले. चष्मा लावून एकेक आकडा वाचला. २७१ वर काही बोलले नाहीत. ३८ वर थांबले.

"हा कुठं बसला होता?"

"पिसुर्ल्याला, जुन्या वजनकाट्याच्या पुढच्या वळणाला."

"आंब्याखाली?"

"होय. तुम्हाला कसं कळलं?"

"बाये, त्या अख्ख्या रस्त्यावर सावली आहे कुठे दुसरी? दिवसभर उन्हात कोण बसेल? आम्ही ड्रायव्हर लोक तिथंच थांबून डबा खायचो." त्यांनी कार्ड परत दिले आणि सोलकढीची वाटी पुढे ओढली. "पुढच्या वेळी रस्ता आदल्या दिवशी सांगतात काय?"

"नाही सांगत."

"मग मला मागे बसव. सावल्या मी सांगतो."

गाडीत दोघांनाच परवानगी असते, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.